पश्चात्तापाच्या दुसऱ्या दिवसापासून: आपले अनुभव लिहा

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आपल्या मंडळ्यांतून (चर्चमधून) दिली जाणारी साक्ष, म्हणजे देवाने आपले जीवन कसे बदलले याचे जाहीर कथन, बहुतेक वेळा पश्चात्तापाच्या दिवसापाशी येऊन थांबते. जुना मनुष्य, म्हणजे आपला पूर्वीचा पापी स्वभाव, काढून टाकताना पुढची कित्येक वर्षे काय काय सोसावे लागते, याविषयी आपण फारसे बोलत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये झाला. मात्र आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही, हे ध्यानात यायला त्यानंतर आठ वर्षे जावी लागली, असे त्यांनी स्वतःच्या साक्षीत मोकळेपणाने लिहिले आहे. 1905 साली त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे निराधार स्त्रियांच्या आश्रमात, मुली रडत रडत पापे कबूल करू लागल्या, त्या संजीवनाच्या (सामूहिक आत्मिक जागृतीच्या) आधीही काही महिने तिथे रोज प्रार्थना चालली होती. ती आधीची आणि नंतरची वाटच मला मोलाची वाटते. तेव्हा पाप कबूल केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून काय घडले, ते कृपया लिहावे. नावे देऊ नयेत.

अहिल्यानगरहून

मी बी-बियाण्यांच्या एका दुकानात हिशेब लिहीत असे आणि उधारीच्या वसुलीतून शे-पन्नास रुपये बाजूला काढण्याची मला सवय लागली होती. रविवारच्या उपासनेत जक्कयाचा, म्हणजे फसवून घेतलेले चौपट परत करीन असे येशूला सांगणाऱ्या जकातदाराचा, उतारा वाचला गेला, तेव्हा लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील 'चौपट' हा शब्द कानात बसला तो बसलाच. घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर आठवतील तेवढ्या रकमा मांडल्या. बेरीज 6,200 रुपये झाली. चौपट देण्याची ऐपत नव्हती, म्हणून मुद्दल तरी पाकिटात घातले. पत्नीला आधी सांगितले आणि ते मालकांना सांगण्यापेक्षा जड गेले. मालकांनी नोटा मोजल्या, गल्ल्यात टाकल्या आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. खरे बोललो तर नोकरी टिकेल, असे मी मनात धरून चाललो होतो. तेही पश्चात्तापात लपवलेले एक देणेघेणेच होते, हे मला त्या दिवशी कळले. पुढचे चार महिने हातात काम नव्हते, पण झोप लागत होती.

मिरजेहून

वरील बंधूंचे वाचून धीर आला, म्हणून लिहितो. दारू सोडल्याची साक्ष मी मंडळीपुढे तीनदा दिली आणि तीनदा पडलो. चौथ्यांदा साक्ष देण्याऐवजी एका वडीलजनांपाशी जाऊन बसलो. त्यांनी उपदेश केला नाही. पगाराच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मला फोन करायचा, एवढेच सांगितले. डॉक्टरांचे औषधही घेतले, आणि त्यात विश्वास कमी पडला असे मी मानत नाही. जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही, हे प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात लिहिले आहे. माझ्यासारख्याने सुटकेविषयीच्या आठव्या अध्यायाकडे जाण्याआधी तिथे बराच वेळ थांबावे.

वसईहून

आमची केळीची वाडी आणि माझ्या जाऊबाईंची वाडी एकाच विहिरीवर आहे. पाण्याच्या पाळीवरून भांडण झाले आणि अकरा वर्षे आम्ही एकमेकींशी बोललो नाही. दर वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला राख लावून घेताना शेजारच्या रांगेत त्या असत आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघत असे. गेल्या प्रायश्चित्तकाळात पापनिवेदनाला गेले असता राग येतो एवढेच मोघम सांगितले, तेव्हा फादरांनी शांतपणे विचारले, "कुणाचा?" मला नाव घ्यावे लागले. रोजच्या रोझरीतले (जपमाळेतले) एक दशक, म्हणजे दहा प्रार्थनांचा एक भाग, जाऊबाईंसाठी म्हणायचे, असे प्रायश्चित्त मिळाले. पहिले काही दिवस ओठ हलत, पण त्यांचे नाव आले की गळा बंद होई आणि मी ते दशक घाईघाईने उरकून टाकत असे. मग मे महिन्यात त्यांच्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी वीज गेली आणि रोपे माना टाकू लागली. दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती. त्यातले दोन तास पाणी मी त्यांच्या पाटात सोडले आणि बांधावर न थांबता घरी आले. आमचे बोलणे अजून सुरू झालेले नाही. रोझरीत त्यांचे नाव मात्र आता सरळ येते.