औषध कंपनी, इस्पितळ, लॅब: गोव्यात काम करताना काय आवडतं, काय खुपतं?

डिचोलीत आमच्या शेजारची मुलगी यंदा बीएस्सी केमिस्ट्री होऊन बाहेर पडली. 'कंपनीत जाऊ का' असं ती भेटेल त्याला विचारते आणि पगाराचा आकडा सोडून तिला कुणी काही सांगत नाही. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, तुये, कोलवाळ इथे औषधांच्या कामावर आपली किती घरं चालतात! इस्पितळं आणि लॅब वेगळ्याच. तेव्हा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी मोकळेपणाने लिहा. काय आवडतं म्हणून टिकलात? काय सोसवत नाही? कंपनीचं किंवा साहेबाचं नाव नको, विभाग आणि गाव पुरे.

सुरुवात मी करते. मी क्यूएमध्ये, म्हणजे औषधाच्या दर्जाची हमी देणाऱ्या विभागात आहे. बाजारात जाणारी प्रत्येक बॅच आधी कागदावर आमच्यासमोर येते. वजन कुणी केलं, मिश्रण किती मिनिटं फिरलं, कुणी तपासलं, सगळं. नोंद खटकली तर बॅच अडवण्याचा अधिकार आमच्या विभागाला असतो आणि मोठ्या साहेबांचा फोन आला तरी तो जात नाही. मला या नोकरीत सगळ्यांत जास्त हेच आवडतं. त्रास महिनाअखेरीचा. शेवटच्या आठवड्यात अर्ध्या महिन्याचा माल बाहेर काढायचा असतो. एरवी डबा वाटून खाणारी प्रॉडक्शनची माणसं तेव्हा आमच्याशी बोलायची थांबतात.

क्यूसी, वेर्णा

ताई, त्या मुलीला माझं सांगा, कारण नमुने तपासणाऱ्या क्यूसी विभागात मी पण बीएस्सीवरच लागलो. कॉलेजात एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं) मशीन लांबून दाखवलं होतं, इथे पहिल्याच वर्षी हातात मिळालं. आधी तेच स्टँडर्ड, म्हणजे प्रमाण माहीत असलेला नमुना, पुन्हा पुन्हा इंजेक्ट करून मशीन नीट चाललंय का बघायचं, मग नमुना लावायचा. आकडा मर्यादेबाहेर गेला तर तो फेकून दुसरा चांगला आकडा ठेवता येत नाही. आधी चौकशी, कारण, सह्या. 'लिहिलं नाही म्हणजे केलं नाही' हे आमच्याकडे पहिल्या दिवसापासून शिकवतात. ही शिस्त मला मनापासून आवडते. माझ्या आईची बीपीची गोळी अशाच कुठल्या तरी लॅबमधून पास होऊन येते.

न आवडणारी गोष्ट ऑडिट नव्हे, ऑडिटनंतरची आहे. अमेरिकेच्या एफडीएचे निरीक्षक जाताना 483 नंबरच्या फॉर्मवर त्यांना दिसलेल्या त्रुटी लिहून देतात आणि कंपनीने कामाच्या 15 दिवसांत उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते. तेवढे दिवस घर फक्त झोपायला. तेही चालेल. पण त्रुटी यंत्रणेची असते आणि वरून खाली येता येता ती ॲनालिस्टच्या नावावर चढते. नोंद उशिरा केली म्हणून मेमो मिळतो; त्या दिवशी एका माणसाला दोन मशीनं आणि ढीगभर नमुने कुणी दिले, हे त्या मेमोत नसतं.

पॅकिंग, कुंडई (कंत्राटी)

मी आधी काजूच्या कारखान्यात होते. त्या मानाने इथे सुख आहे. बस गावच्या तिठ्यावर येते, कॅन्टीनला गरम जेवण, पगार बँकेत. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड आहे. पोराला डेंगी झाला तेव्हा ते कार्ड होतं म्हणून उसने पैसे काढावे लागले नाहीत.

आत जाताना बांगड्या, मंगळसूत्र, कुंकू सगळं उतरवायचं. केसांत फूल नाही. श्रावणात वाड्यावरच्या सगळ्या बायका आबोलीचा वळेसर माळतात आणि मी डोक्यावर टोपी. सुरुवातीला जड गेलं, सासूबाईंना तर जास्तच. पण गोळ्यांच्या पट्टीत पाकळीचा तुकडा गेला आणि तो कुणा आजारी माणसाच्या हातात पडला तर? आता मीच नव्या मुलींना समजावते.

नाही आवडत ते एकच, पण ते मोठं आहे. कंत्राटदार बदलला की आम्ही परत नव्या. लाइन तीच, सुपरवायझर तोच, काम तेच. कार्ड नवं आणि नोकरीची वर्षं पुसली गेली. परमनंट म्हणून लागलेल्या पोरांना पट्ट्या बनवणाऱ्या ब्लिस्टर मशीनवर कसं उभं राहायचं ते मी शिकवते. गणेश चवथीला त्यांना बोनस येतो, आम्हाला मिठाईचा डबा. डबा घरी घेऊन जाताना पोरं खूश होतात, म्हणून मी काही बोलत नाही.

मेंटेनन्स, वेर्णा

पॅकिंगवाल्या ताईंचं वाचून बरं वाटलं, हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं.

माझं काम एचव्हीएसी म्हणजे कारखान्याची हवा सांभाळण्याचं. गोव्याचा पाऊस बघत मोठे झालेल्यांना हे लगेच समजेल: जुलैत आपल्या घरात मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. आता पाण्यात टाकल्यावर फसफसणारी गोळी डोळ्यांसमोर आणा. तिला हवेतला दमट स्पर्शही चालत नाही, बनतानाच ती आतल्या आत फुगायला लागेल. तिच्या खोलीत आर्द्रता 20-25 टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते, आणि भिंतीपलीकडे नव्वदच्या पुढे गेलेली असते. डीह्युमिडिफायर, फिल्टर, दोन खोल्यांमधला हवेच्या दाबाचा फरक, सगळं दिवसरात्र जागतं ठेवायचं. धो धो पावसात आत उभं राहून मीटरवर बरोबर आकडा बघितला की जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळाला नसता. आयटीआय केलेल्या मुलांनो, हे काम शिका. हे येणारी माणसं कमी आहेत आणि त्यांना किंमत आहे.

आता खुपणारं. चवथीला कारखाना बंद राहतो आणि तेव्हाच आमचं काम सुरू होतं, कारण मशीनं उघडायला तेवढीच सवड मिळते. गोव्यात चवथीला घरी नसणं म्हणजे काय, हे मुंबईहून आलेल्या साहेबाला समजावता येत नाही. गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायला घरात भाऊ होता, आता तोही गल्फला. बदली रजा मिळते. पण नोव्हेंबरातल्या रजेला गणपती नसतो. पाळी लावा, एका वर्षी अर्धे, पुढच्या वर्षी अर्धे, एवढंच आमचं मागणं होतं. यंदा ते मान्य झालंय.

स्टाफ नर्स, खासगी इस्पितळ, पणजी

मी सावंतवाडीची. कोकणी, मालवणी, मराठी तिन्ही बोलते म्हणून वॉर्डात म्हाताऱ्या बायका मलाच हाक मारतात, 'बाय, हांगा यो गो' (इकडे ये गं). पेशंट बरा होऊन चालत जातो तेव्हा शिणवटा उतरतो, हे खोटं वाटेल पण खरं आहे.

गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना 2016 साली आली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत, त्याहून मोठ्याला चार लाखांपर्यंत संरक्षण, अशी ती सुरू झाली. तिच्यामुळे आधी खासगीत पाऊल न टाकणारी माणसं आमच्या वॉर्डात दिसतात. ते मला आवडतं. त्याबरोबर कागद वाढले आणि ते भरायला वेगळं माणूस दिलेलं नाही. सलाइन लावायची की फॉर्म भरायचा, असा प्रश्न रोज पडतो.

आणि डबल ड्युटी. रात्रपाळी संपवून सकाळी हँडओव्हर द्यायला उभं राहायचं आणि समोरची आलेलीच नाही. 'तू थांब' असं सांगतात, विचारत नाहीत. थकलेल्या नर्सच्या हातून औषधाचा डोस चुकू शकतो. आमच्या पगाराहूनही मला याची जास्त काळजी वाटते.

लॅब टेक्निशियन, घरी जाऊन रक्त घेणारा, सत्तरी

थोडक्यात लिहितो. उपाशीपोटीचं रक्त म्हणून पहाटे निघतो. वाळपईच्या पुढच्या गावांत एकटी राहणारी म्हातारी माणसं माझी वाट बघत असतात. पोरं पुण्यात, परदेशात. रक्त दोन मिनिटांत होतं, बोलणं वीस मिनिटं. मला ते बोलणं आवडतं, पण ॲपमध्ये एका घराला दिलेला वेळ त्यात बसत नाही. वर थंड पेटीत ठेवलेले नमुने वेळेत लॅबला पोचवायचे असतात. पेट्रोलचे पैसे गेल्या दोन दरवाढींत तसेच आहेत.

एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी), मडगाव ते काणकोण

आमची नोकरी लोकांना बॅग आणि टाय एवढीच दिसते. मला ती आवडते ती वाचनासाठी. नवीन औषध आलं की ते शरीरात कसं चालतं हे समजून घ्यावं लागतं, नाहीतर मडगावचे जुने डॉक्टर दोन प्रश्नांत गप्प करतात. 2024 मध्ये केंद्राने औषधविक्रीची नवी संहिता आणली आणि डॉक्टरांना भेटवस्तू, सहली बंद केल्या. पुष्कळ सहकारी म्हणाले, आता धंदा कसा होणार. माझं मत उलट आहे. माझ्यासारख्या अभ्यास करून जाणाऱ्याला आता कुठे सारखी जमीन मिळाली.

टार्गेट मात्र कुणी तरी नकाशा न बघता ठरवतं. काणकोणची लोकसंख्या फारशी वाढत नाही, आजार वाढावेत अशी प्रार्थना मी करणार नाही, आणि आकडा दरवर्षी वाढतो.

प्रॉडक्शन, दोडामार्गहून रोज

आमच्या सिंधुदुर्गातल्या भागातून शेकडो पोरं गोव्यात कामाला उतरतात. आजारी पडलो की बांबोळीचं सरकारी इस्पितळ, कामाला म्हापसा नाहीतर वेर्णा. आमचं सगळं जगणं गोव्याकडे तोंड करून आहे. नव्या जुवारी पुलाची पहिली बाजू 2022 च्या डिसेंबरात खुली झाली आणि कुठ्ठाळीच्या रांगेत जाणारं आयुष्य परत मिळालं. तरी पहिल्या पाळीला मी काळोखात निघतो.

ग्रॅन्युलेशनचं, म्हणजे गोळीच्या पिठाचे दाणे करण्याचं काम आवडतं. हातात ओलसर पीठ घेऊन ते झालं की नाही हे आमचे जुने ऑपरेटर मशीनच्या आधी सांगायचे, त्यांच्याकडून शिकलो. दुखतं ते 'बाहेरचे आले' असं ऐकलं की. गोव्याच्या मुलांना आधी नोकरी मिळावी हे मलाही पटतं. पण स्वस्तात आणि कंत्राटावर माणूस हवा हे कंपनी ठरवते, आणि राग मात्र माझ्या एमएच 07 च्या नंबरप्लेटवर निघतो.

क्यूसी, वेर्णा

दोडामार्गच्या भावा, आमच्या शिफ्टला तुमच्याकडचे तिघे आहेत. पावसात रस्ता बंद झाला की आम्ही त्यांची पाळी धरतो, ते आमची चवथीत धरतात.

मायक्रोबायोलॉजी, पिळर्ण

मुलगी सात महिन्यांची आहे. 26 आठवड्यांची पगारी रजा पूर्ण मिळाली, साहेबांनी एकदाही कुरकुर केली नाही, हे आवर्जून लिहिते, कारण दुसरीकडे असं होत नाही हे मैत्रिणींकडून ऐकते. प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या वसाहती मोजण्याचं काम शांत आहे, मला ते फार आवडतं, त्यासाठीच परत आले.

अडचण पाळणाघराची. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, असं कायदा सांगतो. आमच्याकडे खोली आहे, पाळणे आहेत, सांभाळणारी बाई नाही. शिवाय निर्जंतुक विभागातून बाहेर येऊन, कपडे बदलून, बाळाला पाजून, पुन्हा सगळं चढवून आत जायला लागणारा वेळ कुणी धरलेलाच नाही. पिळर्णच्या दोनतीन कंपन्यांनी मिळून एक पाळणाघर चालवावं असं आम्ही काहीजणी अर्जात लिहितोय. कुणाच्या औद्योगिक वसाहतीत असं चालू असेल तर खर्च कसा वाटून घेतात, बाई कुणाच्या पगारावर असते, ते इथे सविस्तर लिहा. अर्ज पुढच्या सोमवारी द्यायचा आहे.