मालगुजारी वाड्याचे वाचनालय: सिमेंट नको, चुनाच हवा

मालगुजाराच्या, म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करणाऱ्या जुन्या जमीनदाराच्या, वाड्याचे वाचनालय करताना भिंतींना सिमेंटचा गिलावा करून कवेलूंच्या (कौलांच्या) जागी स्लॅब टाकावा, ही सूचना खर्चाच्या दृष्टीने समजण्यासारखी असली तरी मला मान्य नाही. चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती जमिनीतली ओल ओढतात आणि बाहेरही सोडतात. सिमेंटचा थर ही वाट अडवतो, मग ओल आतच वर चढते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटतो आणि गिलावा सुटू लागतो. आमच्या जुन्या चावडीच्या भिंतीवर टकटक केले की पोकळ आवाज येतो आणि विटेची लाल भुकटी खाली सांडते. त्यातून आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ही हालचाल चुन्याचा सांधा थोडीफार सोसतो, सिमेंटचा ताठ सांधा तडकतो. स्लॅबचे तर बोलायलाच नको, कारण मे महिन्यातल्या 45 अंशांत त्याखाली वाचत बसणार कोण? खांबांची बुडे उधईने (वाळवीने) पोखरली असतील, तर तेवढाच भाग कापून जुने सागवान सांधता येते. मालगुजारी 1951 साली संपली, तरी वाडा बहुधा वारसांच्याच नावे असतो. म्हणून कामाला हात लावण्यापूर्वी ग्रामपंचायतीने त्या सर्वांशी नोंदणीकृत करार करून घ्यावा.