‘बिलीफ’ला मराठीत काय म्हणायचं? समजूत, विश्वास, गैरसमज की आणखी काही?

माळरान
नमस्कार. एका विज्ञान मासिकासाठी लेखाचं भाषांतर करते आहे, विषय गेम थिअरी, म्हणजे आपला फायदा-तोटा इतर काय करतात यावरही ठरतो अशा प्रसंगांचं गणित. खेळणारे दोन-चार नाहीत, लाखो आहेत, आणि इतरांच्या मनात काय आहे याबद्दल प्रत्येकाने धरलेलं चूक आहे, असा सगळा मामला. अडलंय ‘बिलीफ’पाशी. मी ‘समजूत’ लिहिलं होतं. संपादकांनी सगळीकडे खोडून ‘विश्वास’ केलं.

लेखातलं मुख्य उदाहरण सौदी अरेबियाचं आहे. तिथल्या तरुण विवाहित पुरुषांना विचारलं, बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का? बहुतेकांनी हो म्हटलं. मग विचारलं, तुमच्यासारख्या बाकीच्यांपैकी किती जण हो म्हणतील? तर सांगितलेला आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी निघाला. म्हणजे जो तो मनातून राजी, आणि जो तो समजतोय की बाकीचे राजी नाहीत. काहींना खरा आकडा दाखवला, तेव्हा बायकोला नोकरी शोधून द्यायला ते जास्त तयार झाले. काही महिन्यांनी पाहिलं तर त्यांच्या बायकांनी अर्ज आणि मुलाखतीही जास्त दिल्या होत्या. बर्स्टिन, गोंझालेझ आणि यानागिझावा-ड्रॉट यांचा हा अभ्यास २०२० साली छापून आला.

आता संपादकांच्या दुरुस्तीनंतरचं वाक्य बघा: ‘या पुरुषांचा इतर पुरुषांवरील विश्वास चुकीचा ठरला.’ वाचणाऱ्याला वाटेल, कुणीतरी कुणाला फसवलं. काय लिहू?

पाटीपेन्सिल
माळरानताई, संपादकांशी भांडा. विश्वास माणसावर असतो, नाहीतर औषधावर, देवावर. ‘माझा असा विश्वास आहे की…’ हे मराठी व्यासपीठावरचं आहे, इंग्रजीवरून आलेलं. घरात कुणी म्हणतं का, ‘माझा विश्वास आहे की आज पाणी येणार नाही’? ‘मला वाटतं’ म्हणतो आपण. चुकीचं वाटणं म्हणजे सरळ गैरसमज. तो लिहा आणि मोकळ्या व्हा.

घाटमाथा
गैरसमज नको. गैरसमजात दोन माणसं असतात आणि कुणाचं तरी मन दुखावलेलं असतं. ‘गैरसमज करून घेऊ नका’, ‘दोन भावांत गैरसमज झाला’. सौदीतल्या त्या माणसाचं कुणाशीच बिनसलेलं नाही. तो कुणाशी बोललेलाच नाही, तेच तर दुखणं आहे.

पाटीपेन्सिल
आणि ‘साप दूध पितो हा गैरसमज आहे’, इथे कुणाचं मन दुखावलं? सापाचं?

घाटमाथा
हा वापर आहे, नाकारत नाही. पण तो पाठ्यपुस्तकातल्या ‘समज-गैरसमज’ अशा चौकटींमुळे रुळला. माझी आई सापाबद्दल ‘लोकांचा खुळा समज’ म्हणायची. गैरसमज शब्द ती फक्त नात्यांसाठी राखून ठेवायची.

देवनागर
मूळ मुद्दा कुणी घेत नाही. ‘गैर’ अरबी आहे. आपल्याकडे याला नेमका शब्द दोन हजार वर्षांपासून तयार आहे, विपर्यय. योगसूत्रांत पहिल्याच पादात आठवं सूत्र: ‘विपर्ययो मिथ्याज्ञानमतद्रूपप्रतिष्ठम्’. वस्तू जशी नाही तशी ती आहे असं धरून बसणं. इतकी नेटकी व्याख्या हाताशी असताना शास्त्रीय लेखात अरबी जोड का लावायची?

पाटीपेन्सिल
देवनागरकाका, सूत्र सुंदर आहे, पण मासिक नववी-दहावीची मुलं वाचतात. ‘सौदी पुरुषांचा विपर्यय’ वाचून ती पान उलटतील. आणि गैरहजर, गैरसोय, गैरवर्तन हे सगळं घराबाहेर काढायचं का?

देवनागर
मुलांना शब्द दिलाच नाही तर कधीच कळणार नाही. ‘संगणक’ही कुणाला कळत नव्हता. आज रिक्षावालाही म्हणतो.

कोटिक्रम
मी गणित शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो. तुम्ही सगळे ‘बिलीफ’ म्हणजे मनात पक्कं बसलेलं काहीतरी असं धरून चाललात. गेम थिअरीत ते तसं नसतं. हारसानी या अर्थतज्ज्ञाने १९६७-६८ मध्ये अपुऱ्या माहितीचे खेळ मांडले, तेव्हापासून बिलीफ म्हणजे शक्यतांची वाटणी: समोरचा अमुक प्रकारचा असण्याची शक्यता दहात सात, तमुक असण्याची दहात तीन. विपर्यय असतो किंवा नसतो, श्रद्धेचंही तेच. इथे कमीजास्त करता येईल असा शब्द हवा. अंदाज, अटकळ, होरा यांतलं काहीतरी. अंदाज थोडा चुकतो, फार चुकतो. श्रद्धा थोडी चुकत नाही.

गर्दी आली की गंमत वाढते. लाखो खेळणाऱ्यांत एकट्याचं वजन शून्य, त्यामुळे कुणी कुणा एकाकडे बघतच नाही. बघतो तो एकूण लोंढ्याकडे. लास्री आणि लिओन्सने, आणि वेगळे राहून ह्वांग, मालामे, केन्सने, २००६ च्या सुमारास यावर गणित उभं केलं, त्याला मीन फील्ड गेम म्हणतात. कल्पना भौतिकशास्त्रातली: असंख्य कणांचा हिशेब एकेक करून लागत नाही, म्हणून प्रत्येक कण बाकीच्यांच्या सरासरीशी वागतो असं धरायचं. साध्या मांडणीत लोंढ्याबद्दलची अटकळ आणि प्रत्यक्ष लोंढा शेवटी जुळतात. पण जो तो आपल्यापुरतंच बघत असेल तर चुकीची अटकळ मरतच नाही. फ्यूडेनबर्ग आणि लिव्हाइनने १९९३ मध्ये दाखवलं की ती खोटी पाडणारी चाल जर कुणी खेळतच नसेल, तर समतोल, म्हणजे कुणालाच आपली चाल बदलावीशी वाटत नाही अशी स्थिती, चुकीवरच टिकून राहतो. सौदीत नेमकं हेच. उघड बोलायला कुणी धजत नाही, म्हणून आपण चुकतोय हे कुणालाच दिसत नाही.

ताई, मीन फील्डचं ‘सरासरी क्षेत्र’ मात्र करू नका. सातबाऱ्यावरचं वाटेल.

माळरान
कोटिक्रमसर, फार उपयोग झाला. ‘अटकळ’ मनात भरतोय. पण अटकळ मुद्दाम, विचार करून बांधतात ना? हे पुरुष काही बांधत नाहीत. त्यांच्यात ते लहानपणापासून मुरलेलं आहे. म्हणून ‘समजूत’कडे वळले होते.

साखरपुडी
मला दुसरंच आठवलं. नोव्हेंबर २०१६, नोटा बंद होऊन तीन-चार दिवस झालेले. मीठ संपणार अशी बोंब उठली. आम्ही डोंबिवलीत. मावशी खाली गेली आणि मिठाच्या चार पुड्या घेऊन आली. मी म्हटलं, अगं समुद्र आटलाय का? गुजरातेत ढीग लागलेत मिठाचे. ती म्हणाली, ‘मला ठाऊक आहे. पण खालच्या बायकांना ठाऊक नाही. उद्या दुकानात पुडी दिसायची नाही.’ आणि खरंच, दुसऱ्या दिवशी दुकानदाराने मिठाची फळी रिकामी करून तिथे काड्यापेट्या रचल्या होत्या.

आता सांगा, मावशीचा गैरसमज झाला होता का? मिठाबद्दल तिचं बरोबर, बायकांबद्दलही बरोबर. पुड्या घेतल्या हेही बरोबरच. मग चूक होती कुठे?

कोटिक्रम
वा! बँकेवर रांग लागते त्याचं डायमंड-डिब्विग यांनी १९८३ मध्ये मांडलेलं गणित जवळपास हेच आहे. बँक धडधाकट असली तरी बाकीचे पैसे काढतील असं वाटलं की आपणही काढणं शहाणपणाचं. दोघांना २०२२ चं नोबेल मिळालं, बर्नान्केंबरोबर. म्हणजे ‘बिलीफ’ दोन थरांचं असतं, एक वस्तूबद्दल आणि एक माणसांबद्दल. मराठीतही दोन शब्द लागतील.

घाटमाथा
साखरपुडी, याला आमच्याकडे शब्द आहे. हूल. ‘हूल उठली’ म्हणजे कारण काहीच नाही, पण सगळे पळतात, आणि सगळे पळतात म्हणून न पळणारा वेडा ठरतो. आजोबा यात्रेतली गोष्ट सांगायचे. कुणीतरी ‘हत्ती सुटला’ ओरडलं आणि डोंगरभर माणसं धावली. हत्ती यात्रेत आलेलाच नव्हता. आजोबा हे जाणून होते, तरी पोराला खांद्यावर टाकून धावले. थांबले असते तर तुडवले गेले असते.

उपरणं
हूलचा अर्थ तो नाही. हूल म्हणजे खोटी चाल. कबड्डीत चढाईवाला एका कोपऱ्याला हूल देतो आणि हात मारतो दुसरीकडे. त्यावरूनच हुलकावणी. हूल देणारा असतो आणि खाणारा असतो. तुमच्या यात्रेत देणारा कोण?

घाटमाथा
हूल देणं वेगळं, हूल उठणं वेगळं. क्रियापद बदललं की अर्थ बदलतो. ‘डोळा लागणं’ आणि ‘डोळा मारणं’ एक आहे का?

देवनागर
माझ्या मते हूल हा ओरडण्याच्या आवाजावरून आलेला ध्वन्यनुकारी शब्द. हुल्लड त्याचाच भाऊ. निदान तो आपला आहे. ‘अफवा’ तर पुन्हा अरबी, मूळ अर्थ ‘तोंडं’, अनेकवचन.

पाटीपेन्सिल
काका, किती छान अर्थ आहे हा! एका तोंडाने अफवा होतच नाही. असा शब्द तुम्ही घालवायला निघालात?

देवनागर
व्युत्पत्ती छान आहे म्हणून शब्द आपला होत नाही.

उपरणं
मुळात ‘गेम’ला तरी तुम्ही काय म्हणताय? खेळ म्हटलं की मुलं आठवतात. ‘डाव’ म्हणा. डाव मांडता येतो, टाकता येतो, साधतो, उलटतो, अंगाशी येतो. ‘गर्दीचा डाव’ कसं वाटतं?

कोटिक्रम
डाव चांगला आहे, पण त्यात कपटाचा वास येतो. ‘त्याचा डाव ओळखला’ म्हणतो ना आपण. रस्त्यावर कोंडीत अडकलेले लोक कुणावर डाव टाकत नाहीत. तरी गणिताच्या लेखी तोही गेमच.

उपरणं
लगोरीचा डाव, पत्त्यांचा डाव. त्यात कुठलं कपट?

माळरान
सगळ्यांचे आभार. आज मसुदा पाठवला. मिठाबद्दल, कायद्याबद्दल जे धरलेलं असतं तिथे ‘समजूत’ ठेवलं. बाकीचे काय करतील याबद्दल जे धरलेलं असतं तिथे ‘अटकळ’. ‘विश्वास’ एकाही ठिकाणी ठेवला नाही. साखरपुडी, मावशींची परवानगी असेल तर मिठाचा प्रसंग तळटीपेत घालू का? नाव देणार नाही. संपादकांना दोन थर समजावायला त्याहून सोपं काही सापडत नाहीये.

साखरपुडी
विचारलं. म्हणाली, घाल, पण चार नाही, तीनच पुड्या होत्या.

घाटमाथा
उपरणं, आजच आत्याला फोन केला. ती ‘भुमका उठली’ म्हणते आणि ‘हूल’ फक्त गुरं बिथरली तर. एकाच घरात दोन शब्द निघाले. तुमच्या बाजूला ‘आवई’ म्हणतात की ‘कंडी पिकली’?