मदत हवी आहे: ट्रेंट नदीत बार्बेल गरवण्यासाठी सुरुवातीची साधने आणि पद्धत

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ राहतो. लहानपणी कृष्णाकाठी तंगूस, गळ आणि गांडुळे एवढ्या सामग्रीवर मासे गरवले आहेत आणि इथे आल्यापासून तळ्यांवर कार्पसाठी बसतो. परंतु मोठ्या, वाहत्या नदीवर गळ टाकण्याचा अनुभव मला नाही. येत्या १६ जूनला नद्यांचा हंगाम उघडला की ट्रेंटवर बार्बेल या तळाशी चरणाऱ्या नदीतल्या माशासाठी बसण्याचा विचार आहे, आणि त्याआधी ज्यांनी हा मासा प्रत्यक्ष धरला आहे त्यांचे मार्गदर्शन मला हवे आहे.

नियमांची माहिती मी करून घेतली आहे. १५ मार्च ते १५ जून हे दोन्ही दिवस धरून नद्यांवर बंदी असते, एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा परवाना लागतो आणि काठाचा हक्क ज्या क्लबकडे असेल त्याचे तिकीट वेगळे घ्यावे लागते. त्यामुळे माझे प्रश्न केवळ साधनांविषयी आणि पद्धतीविषयी आहेत.

माझ्याकडे १२ फुटी, पावणेतीन पौंड टेस्ट कर्व्हची (म्हणजे काठीचे टोक काटकोनात वाकवायला लागणाऱ्या वजनाची) कार्पची काठी आहे. ती चालेल, की बार्बेलसाठी वेगळी घ्यावी? प्रवाह जोरात असताना आमिष तळाशी एका जागी टिकवायचे कसे, आणि त्यासाठी शिसे किती वजनाचे असावे? आमिष म्हणून कोणी पेलेट (माशांच्या खाद्याच्या गोळ्या) सांगतो, कोणी डब्यातले लंचन मीट; नवख्याने कशापासून सुरुवात करावी? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हा मासा दमेपर्यंत झुंजतो आणि घाईने सोडला तर उलटा होऊन मरतो, असे ऐकले आहे. तो सुखरूप परत जावा यासाठी नेमके काय करावे, हे समजल्याशिवाय मी गळ टाकणार नाही.

प्रतिसाद १

आपण शेवटी विचारलेला प्रश्न फार थोडे नवखे विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

काठीपासून सुरुवात करू. क्रॉमवेलच्या बंधाऱ्याखाली ट्रेंटवर भरती-ओहोटीचा परिणाम होतो आणि पात्र रुंद आहे. तिथे जड शिसे फेकावे लागते, त्यामुळे आपली कार्पची काठी निभावून नेईल. त्याच्या वरच्या अंगाला, गनथॉर्प किंवा हॉवरिंगहॅमच्या बाजूला, पावणेदोन ते दोन पौंडांची काठी पुरते आणि माशाची ओढही हाताला नीट कळते. पहिल्या हंगामात नवी काठी घेऊ नये असे माझे मत आहे. तो पैसा मोठे, बारीक जाळीचे लँडिंग नेट (मासा पाण्यातून उचलायची जाळी) आणि मऊ अनहुकिंग मॅट (गळ काढताना मासा ठेवायची गादी) यांवर खर्च करावा. बार्बेलच्या पाठीवरच्या पराचा (फिनचा) पुढचा काटा करवतीसारखा दातेरी असतो आणि मोठ्या भोकांच्या जाळीत तो हमखास अडकतो.

मुख्य दोरा १२ पौंडांचा साधा नायलॉन ठेवा, कारण तळाच्या दगडांवर घासून पातळ दोरा तुटतो. गळ ८ किंवा १० क्रमांकाचा, जाड तारेचा आणि बिनकाट्याचा असावा. आमिष गळात न खुपसता त्याच्या मागे केसासारख्या बारीक धाग्यावर, म्हणजे हेअर रिगवर, लावावे. शिसे दोऱ्यावर मोकळे सरकणारे हवे. दोरा तुटलाच, तर शिसे गळून पडले पाहिजे. ते ओढत फिरण्याची वेळ माशावर येता कामा नये. याबाबतीत तडजोड नको.

प्रवाहात आमिष टिकवण्याचे रहस्य वजनापेक्षा दोऱ्याच्या बाकात आहे. थोडे खालच्या अंगाला फेकावे, शिसे तळाला लागले की थोडा दोरा सैल सोडावा, म्हणजे पाण्यात त्याचा बाक तयार होतो आणि शिशावरची ओढ कमी होते. काठीचे टोक उंच ठेवल्यास पाण्यात दोरा कमी राहतो. दोन औंसांपासून सुरुवात करून शिसे जेमतेम टिकेल इतकेच वजन वाढवावे. माशाने आमिष उचलताच ते हलले पाहिजे. जागा निवडताना जोरदार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना भिडते ती रेघ शोधावी, कारण बार्बेल अशाच ठिकाणी खडीवर चरतो. काठावरून झुकलेल्या विलोच्या झाडाखालीही तो असतो.

मासा लागला की काठी एकदम वाकते आणि रीळ किंचाळू लागते. म्हणून रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटू न देणारा अटकाव, आधीच सैल करावा आणि काठी सोडून क्षणभरही दूर जाऊ नये, नाहीतर काठीच नदीत जाते.

आता परत सोडण्याविषयी. झुंज लांबवू नका. मासा नेटमध्ये आला की लगेच वर न काढता पाण्यातच विसावू द्या आणि तेवढ्या वेळात मॅट ओली करून कॅमेरा, चिमटा, वजनकाटा जवळ ठेवा. पाण्याबाहेर तो कमीत कमी वेळ असावा. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाच्या उलट, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला करून दोन्ही हातांनी सरळ धरा. तो स्वतः जोर लावून हातातून निसटेपर्यंत धरून ठेवा, मग त्याला कितीही मिनिटे लागोत. त्याला कीपनेटमध्ये (धरलेले मासे पाण्यात साठवायच्या जाळीत) कधीच ठेवू नये. उन्हाळ्यात पाणी कमी आणि कोमट असेल तर त्यात प्राणवायू कमी असतो. अशा दिवसांत बार्बेलसाठी बसूच नये.

प्रतिसाद २

वरील सर्व मुद्द्यांशी सहमत आहे, फक्त आमिषाविषयी भर घालतो. हंगामाच्या सुरुवातीला पाणी नितळ असते तेव्हा भिजवून उकडलेले हेम्पचे (भांगेच्या झाडाचे) दाणे फीडरमधून (दोऱ्याला लावलेल्या, भोके असलेल्या छोट्या डबीतून) त्याच त्या जागी टाकत राहावे आणि हेअरवर ८ मिलिमीटरचे हॅलिबट पेलेट लावावे. लंचन मीटचा खरा उपयोग पूर ओसरताना, पाणी गढूळ पण उबदार असते तेव्हा होतो, कारण त्या वेळी मासा वासावर आमिष शोधतो. दिवस मावळल्यानंतरचे पहिले दोन तास सोडू नका.

आपल्यापैकी काही नवे लोक मासा घरी न्यावा का असे विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो: इंग्लंडच्या नद्यांतून २० सेंटिमीटरपेक्षा मोठा बार्बेल नेण्यास कायद्याने मनाई आहे, आणि त्याची अंडी विषारी असतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. नेट आणि मॅट याच आठवड्यात घेतो. एकच शंका राहिली: शिसे आणि गळ यांमधला दोरा किती लांब ठेवावा?

प्रतिसाद १

नितळ पाण्यात तीन फूट ठेवा, पाणी गढूळ असेल तर दीड फूट पुरे. लांब दोरा फेकताना गुंतत असेल, तर आमिष टाकण्यापूर्वी गळावर पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीए फोमचा छोटा तुकडा अडकवा.