प्रति: हायब्रिड टीम जुळवायची कशी?
काहीजण ऑफिसात, काहीजण घरून अशी हायब्रिड टीम जुळवायला महिन्यातून एकदा पणजीत एकत्र जेवण ठेवा, असं वर कुणीतरी सुचवलंय. जरूर ठेवा, पण दुरावा येतो तो रोजच्या मीटिंगमध्ये. पणजीतल्या पाटोच्या ऑफिसात पाचजण एका माइकभोवती बसतात, आणि लांब काणकोण-साखळीहून, घरून जोडलेल्या दोघांना खोलीतली कुजबुज, हसणं ऐकूच येत नाही. हळूहळू ते बोलायचे थांबतात. म्हणून एकजण जरी घरून असला, तरी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून, हेडफोन लावूनच बसावं. एक स्पीकर चालू राहिला तरी आवाज घुमतो. पहिला प्रश्न घरून बसलेल्यांना विचारा. पावसात वीज गेली तर झालेले निर्णय त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहून टाका. ऑफिसचा दिवस सगळ्यांचा एकच हवा आणि त्या दिवशी कॉल कमीत कमी. नाहीतर माणूस कदंब बसने एवढा प्रवास करून येतो आणि कोपऱ्यात कानाला हेडफोन लावूनच बसतो.