मदत हवी आहे : कॉर्डिसेप्समध्ये कॉर्डिसेपिन जवळजवळ नाहीच!

वाघोलीकर : पुण्यात घरच्या छोट्या लॅबमध्ये कॉर्डिसेप्स मिलिटारिस ही औषधी बुरशी घेतो. चौथी बॅच. काल रिपोर्ट आला. पॉलिसॅकराइड (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) भरपूर, कॉर्डिसेपिन हे मुख्य औषधी द्रव्य नगण्य. गिऱ्हाईक शुक्रवारपर्यंतच थांबणार आहे. काय चुकलं? प्लीज लवकर सांगा.

रानवाट : कशावर वाढवलंय? तापमान? लाइट किती तास? तपासायला नेमका कुठला भाग दिला? काहीच लिहिलेलं नाही, सांगणार कसं?

वाघोलीकर : ब्राउन राइसवरच, नेहमीसारखं. एसी २० ला. आधी अंधार, मग रोज १२ तास एलईडी. रंग जरा फिकट आलाय.

कात्रज_मशरूम : फिकट म्हणजे लाइट कमी. मी निळे दिवे वाढवले आणि केशरी रंग आला. तेच करा.

सूक्ष्मदर्शी : केशरी रंग कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा. कॉर्डिसेपिन म्हणजे पेशींतलं ॲडिनोसिनच, फक्त एक ऑक्सिजन कमी. रंगावरून त्याचा अंदाज बांधू नका. कल्चर (लावायला ठेवलेली जिवंत बुरशी) कितव्यांदा पुढे नेलंय? सारखं सबकल्चर केलं, म्हणजे जुन्यातून नवं वाढवत गेलं, की ही बुरशी कमजोर होते. आघारकर संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे चौकशी करा.

कात्रज_मशरूम : प्रत्येक वेळी कल्चरलाच दोष? माझं कल्चर जुनंच आहे, माल उत्तम येतो.

सूक्ष्मदर्शी : तुमच्या मालाचं कॉर्डिसेपिन मोजलंय का?

मीनल_ताई : सासऱ्यांना शुगर आहे, रेशी मशरूम दिली तर चालेल?

रानवाट : ताई, आधी डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

सिंहगडी : कॉर्डिसेप्स सोडा, लायन्स मेन मशरूम घ्या. त्यात हेरिसेनोन हे द्रव्य फळात मिळतं, एरिनासिन हे मायसेलियममध्ये, म्हणजे बुरशीच्या धाग्यांच्या जाळ्यात. दोन्हीकडून फायदा.

रानवाट : म्हणूनच भाग विचारला होता! वाघोलीकर, काय दळलंत?

वाघोलीकर : बरणीतलं सगळंच. तांदळासकट वाळवून दळलं.

रानवाट : मग ते पॉलिसॅकराइड बहुतेक तांदळाचा स्टार्च आहे. पावडर पाण्यात उकळा, पूर्ण गार करा, आयोडीनचे दोन थेंब टाका. पुढच्या वेळी बीटा-ग्लुकन, म्हणजे बुरशीचं स्वतःचं पॉलिसॅकराइड, वेगळं मोजून मागा.

वाघोलीकर : काळंनिळं झालं, म्हणजे स्टार्चच. चार बरण्या शिल्लक आहेत, नुसत्या काड्या (बुरशीची फळं) खुडतोय. एचपीएलसीला (कॉर्डिसेपिन मोजायच्या चाचणीला) ५ ग्रॅम पुरतील? आणि हो, कल्चर सहाव्यांदा पुढे नेलेलं आहे.

सूक्ष्मदर्शी : सहाव्यांदा! हे आधी सांगायचं. किती ग्रॅम लागतील ते लॅबलाच विचारा. काड्यांतही कमी निघालं तर कल्चर बदला. गिऱ्हाइकाला आजच फोन करा, ती तांदळाची पावडर देऊ नका.

मीनल_ताई : रेशीची पावडर घेतानाही आयोडीन टाकून बघायचं का?