मदत हवी आहे: भावाची जिममधली इंजेक्शनं मी फेकून दिली, आता तो अंथरुणातून उठत नाही

मोरपंखी:

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचते. आज लिहायला बसले कारण हे घरात कुणाशी बोलता येत नाहीये आणि मला भीती वाटतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही नायगावला बीडीडी चाळीत राहतो. १६० चौरस फुटांची खोली. आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ. तो आता २४ वर्षांचा आहे. लहानपणी अगदी काटकुळा, दहीहंडीच्या पथकात सगळ्यात वर चढायचा. उंची वाढली तशी वरची जागा गेली, आणि खालच्या थराला उभं राहावं असे खांदे नव्हते. दोन्हीकडून सुटला. ते त्याच्या फार मनाला लागलं होतं. तीन वर्षांपूर्वी जिम लावली. पहिलं वर्ष प्रामाणिकपणे अंडी, चणे, केळी. दुसऱ्या वर्षी एकाएकी फुगायला लागला. सहा महिन्यांत शर्टाचे दोन नंबर वाढले. आई दृष्ट काढायची.

मग बाकीचं दिसायला लागलं. पाठभर मोठाल्या पुळ्या. पंख्याखाली बसूनही घामाने निथळायचा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गॅलरीत फेऱ्या. ज्या मुलाने बाबांना कधी उलट उत्तर दिलं नाही, त्याने अंड्यात पिवळं राहिलं म्हणून ताट भिरकावलं. डाळीचे ओघळ भिंतीवर. एकदा मला बाजूला घेऊन सांगत होता की समोरच्या खोलीतले लोक आपलं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करतात. मी ते हसण्यावारी नेलं. न्यायला नको होतं.

गणपतीच्या आधी माळा आवरताना मखराच्या खोक्यात एक पुडकं मिळालं, पथकाच्या जुन्या टी-शर्टमध्ये गुंडाळलेलं. पिवळट तेलाच्या तीन बाटल्या, छोट्या गोळ्यांची पाकिटं, दोन जाडीच्या सुया, आणि पाण्यासारख्या औषधाची आणखी एक बाटली. तिच्या रबरी बुचाला इतकी भोकं होती की मधला भाग चाळणीसारखा झाला होता. मी सगळ्याचे फोटो काढले आणि कचऱ्याच्या गाडीत टाकून आले. वाटलं, सुटलो एकदाचे.

तो भांडला नाही. तेच मला खटकायला हवं होतं. एवढंच म्हणाला, "ताई, तुला माहीत नाही तू काय केलंस." याला आता सात आठवडे झाले. पहिले काही दिवस बरे गेले. मग एकेक गोष्ट सुटत गेली. गोदामातल्या नोकरीवर आधी दांड्या, आता जातच नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतो. दंड उतरलेत. छातीला दोन्ही बाजूंनी गाठीसारखं लागतं, दुखतं, म्हणून उकाड्यातही शर्ट काढत नाही. आरशावर टॉवेल टाकून ठेवलाय. आणि परवा रात्री म्हणाला, "असं राहण्यापेक्षा नसलेलं बरं." आई हातभर अंतरावर झोपली होती.

जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं होतं. बाबा सोबत होते म्हणून मला खरं बोलता आलं नाही, आणि त्यांनीही काही विचारलं नाही. अशक्तपणा म्हणून बी-१२ ची इंजेक्शनं लिहून दिली. सुई पाहताच हा उठून बाहेर गेला.

मला विचारायचंय ते हे. हे सगळं औषध सुटल्यामुळे होतंय का? मी ते फेकलं म्हणून झालं का? मुंबईत नेमकं कुठल्या डॉक्टरांकडे जायचं? त्याचा ट्रेनर रोज फोन करतो, "एक छोटी सायकल मार, बरं वाटेल." (सायकल म्हणजे त्या इंजेक्शनांचा कोर्स.) हा परत जाईल या धास्तीने मी कामावर असताना दर तासाला घरी फोन करते. "दोन ठेवून द्या" असले सल्ले कृपया नकोत. व्यनि (खाजगी निरोप) केलात तरी चालेल.

हिरवा चाफा:

ताई, मी डॉक्टर आहे, हॉर्मोनच्या आजारांचं काम करते. भावाला मी तपासलेलं नाही, तेव्हा हे निदान समजू नका.

सगळ्यात आधी ते वाक्य. आज रात्रीच त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने मनात नसलेलं काही येत नाही. विचारणारं कुणी आहे म्हटल्यावर उलट माणूस मोकळा होतो. कसं करायचं हेही त्याच्या मनात ठरलेलं असेल तर ओपीडीच्या वेळेची वाट बघू नका. तडक केईएमच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा, तुम्हाला तेच जवळ. तोवर त्याला एकटं ठेवू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

आता शरीरात काय झालं असावं ते. तुमच्या चाळीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीत पाणी कमी झालं की फ्लोट खाली येतो आणि पालिकेचं पाणी सुरू होतं. भरली की बंद. पुरुषाच्या शरीरात मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी हेच करते. एलएच आणि एफएसएच हे दोन हॉर्मोन पाठवून ती वृषणांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन आणि शुक्राणू बनवायला लावते. त्या तेलकट बाटल्या बहुतेक स्टेरॉइडच्या, म्हणजे बाहेरून टोचलेल्या टेस्टोस्टेरॉनसारख्या औषधांच्या. तो झाला बाहेरचा टँकर. टाकी सतत ओसंडून वाहत राहिली, फ्लोट वरच राहिला, आतली लाइन बंद पडली. वृषणं लहानही होतात. तुम्ही टँकर थांबवला, पण इतके महिने बंद असलेला व्हॉल्व्ह लगेच उघडत नाही. मधला काळ टाकी रिकामी. थकवा, झोपेचा गोंधळ, कशातच रस नसणं, रडू येणं, मरणाचे विचार, हे सगळं या रिकाम्या काळात येतं. कुणाचा व्हॉल्व्ह काही महिन्यांत उघडतो, कुणाला वर्षाहून जास्त लागतं.

तुम्ही फेकल्यामुळे झालं का? ही पडझड तो कधीही थांबला असता तरी येणार होती. फक्त ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली यायला हवी होती. अपराधी वाटून घेऊ नका. तुम्ही फोटो काढलेत हे फार बरं केलंत.

जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं शरीरात काही प्रमाणात इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हॉर्मोन, बनतं, छातीतली गाठ बहुतेक त्याची. ती डॉक्टरांना दाखवा, लाजू नका म्हणावं. मला जास्त काळजी हृदयाची वाटते. या औषधांनी चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, वाईट वाढतं, रक्त दाट होतं, हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. बाहेरून माणूस पैलवान दिसतो आणि आत हे चाललेलं असतं. गोळ्यांचा मार यकृतावर बसतो. तेव्हा ईसीजी, टूडी इको, लिपिड, सीबीसी, यकृत आणि किडनीच्या तपासण्या, आणि टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन. केईएमला एंडोक्रायनॉलॉजी आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत, दोन्हीकडे दाखवा. नुसती मनाची गोळी किंवा नुसता हॉर्मोनचा रिपोर्ट, एकाने भागणार नाही. ट्रेनर "पीसीटी" म्हणून, म्हणजे सायकलनंतर शरीर पूर्ववत करायच्या नावाखाली, गोळ्या देईल, त्या घेऊ देऊ नका. त्यातली काही औषधं आम्हीही वापरतो, पण रिपोर्ट बघून.

आणि त्या पाण्यासारख्या बाटलीवर काय लिहिलंय? फोटोत दिसत असेल तर सांगा.

मोरपंखी:

खूप खूप आभार. फोटो मोठा करून पाहिला. मेफेन्टरमाइन लिहिलंय.

हिरवा चाफा:

तीच शंका होती. पाठीत भूल दिल्यावर ऑपरेशन टेबलवर पेशंटचा रक्तदाब घसरला तर तो वर आणायला हे औषध असतं. जिममध्ये वजन उचलायच्या आधी तरतरी यावी म्हणून मारतात. नाडी आणि रक्तदाब चढतात, झोप उडते, सवय लागते, आणि काहींना भास होतात, लोक आपल्यावर टपलेत असं वाटायला लागतं. समोरच्या खोलीतलं रेकॉर्डिंग यातलं असू शकतं. मानसोपचारतज्ज्ञांना ही गोष्ट आवर्जून सांगा, कारण सध्याच्या उदासीत हे औषध सुटल्याचाही वाटा असेल.

बुचाला इतकी भोकं म्हणजे बाटली चारचौघांत फिरत असेल. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्याही करून घ्या. घाबरवायला सांगत नाही. वेळेत कळलं तर तिन्हींवर औषधं आहेत.

जुना तालीमवाला:

ताई, मी लालबागचा. आता चाळिशी ओलांडली. मीही चार वर्षं सुई मारली आहे, म्हणून बोलतो.

एक विनंती. त्याला "याने काही होत नाही, नुसती सूज असते" असं सांगू नका. तो तुमच्यावरचा विश्वास सोडून देईल, कारण त्याने स्वतःच्या अंगावर पाहिलंय. १९९६ साली अमेरिकेत ४३ पुरुषांवर १० आठवड्यांचा प्रयोग झाला होता. त्यात ज्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं आणि व्यायाम करू दिला नाही, त्यांचेसुद्धा स्नायू वाढले. औषध काम करतं, म्हणून तर पोरं अडकतात.

जे सांगत नाहीत ते हे. स्नायू वाढतो त्या वेगाने त्याला हाडाशी बांधणारा कंडरा बळकट होत नाही. माझा उजव्या दंडाचा कंडरा डेडलिफ्ट मारताना, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलताना, सुटला. जाड कापड टर्रकन फाटावं तसा आवाज आला आणि दंडाचा गोळा वर सरकला. अजून तो हात सरळ धरून पाण्याची बादली उचलताना जपावं लागतं. आणि डोकं? माझं वजन ९४ किलो होतं तेव्हा मला आरशात बारका पोरगाच दिसायचा. लग्नाला जाताना शर्टाच्या आत दोन बनियन घालायचो, भरलेला दिसावा म्हणून. याला आजाराचं नाव आहे, मसल डिस्मॉर्फिया, हे मला सुटल्यावर कळलं. तुमच्या भावाने आरसा झाकलाय ना, त्याला त्यावरून बोलू नका. टॉवेल तोच काढेल.

सुटल्यानंतरचे आठ महिने मी वाईट काढले. त्या काळात एक मित्र रोज सकाळी यायचा आणि काही न बोलता चालायला न्यायचा. मी रोज साडेसहाला फाइव्ह गार्डनला असतो. तुमच्या नायगावहून चालत येण्यासारखं आहे. त्याला म्हणावं, एक माणूस आहे, उपदेश करणार नाही. व्यनित नंबर देतो.

सांजवेळ:

सगळं खरं, पण त्या ट्रेनरला का सोडताय? जिमचं नाव इथे लिहा. पोलिसांत जा. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

मोरपंखी:

@सांजवेळ, राग मलाही आहे. पण आज मी तक्रार केली तर भाऊ त्याच्या बाजूने उभा राहील आणि माझ्याशी बोलणं तोडेल. तो सावरला की त्यालाच विचारून अन्न आणि औषध प्रशासनाकडे जाईन. फोटो जपून ठेवलेत.

काल रात्री आम्ही दोघं गॅलरीत बसलो. आई-बाबा झोपल्यावर. डॉक्टरताईंनी सांगितलं तसं सरळ विचारलं. बराच वेळ काही बोलला नाही, कठड्याचा रंग नखाने खरवडत होता. मग म्हणाला, विचार येतात, पण काही ठरवलेलं नाही, आईकडे बघितलं की थांबतो. मी त्याला सांगितलं की मी न विचारता फेकलं ती माझी चूक. तेव्हा रडला. मग सगळं बाहेर आलं. पहिली सुई त्याला "व्हिटॅमिन आहे" म्हणून दिली होती. पाण्यासारख्या बाटलीतून पाच जण घ्यायचे. सुया आपापल्या होत्या म्हणतो, बाटली एकच. आणि शेवटी खाली बघत विचारलं, "ताई, मला मुलं होतील ना?" हे त्याच्या मनात कधीपासून होतं देव जाणे.

सकाळी बाबांना मीच सांगितलं. वाटलं होतं आकांडतांडव करतील. ते उठले, चहा गाळला आणि कप त्याच्या उशाशी नेऊन ठेवला. गुरुवारी केईएमला बाबा, तो आणि मी, तिघं जाणार आहोत. एका ओळखीच्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्यात, त्या उद्या सकाळी करायच्या म्हणजे रिपोर्ट सोबत नेता येतील.

हिरवा चाफा:

ताई, फार मोठं काम केलंत.

मुलांचं: बहुतेकांमध्ये शुक्राणू परत येतात, वेळ लागतो. खात्रीचा शब्द कुणीच देऊ शकत नाही. काही महिन्यांनी वीर्यतपासणी करून बघता येते आणि गरज पडली तर उपचारही आहेत. त्याला इतकंच सांगा, दार बंद झालेलं नाही.

"व्हिटॅमिन" वाचून वाईट वाटलं. पूर्व जर्मनीत १९७४ पासून सरकारी योजना आखून खेळाडूंना निळ्या गोळ्या दिल्या जायच्या, कोवळ्या वयाच्या मुलींनासुद्धा. त्यांनाही त्या जीवनसत्त्वाच्या म्हणूनच सांगितल्या होत्या. त्यांच्यातल्या कित्येकींना पुढे आयुष्यभर आजारपणं भोगावी लागली. हे भावाला सांगा. फसला म्हणून तो मूर्ख ठरत नाही, एवढं तरी त्याला कळेल.

मोरपंखी:

सांगते. एक शेवटचं, उद्या रक्त द्यायला किती वाजता नेऊ? उपाशीपोटीच ना? बाबा विचारतायत, चहा दिला तर चालेल का.

हिरवा चाफा:

उपाशीपोटी, सकाळी आठ ते दहाच्या मध्ये, कारण टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं. चहा रक्त दिल्यावर. पाणी चालेल. सुईची भीती बसली असेल तर आडवं झोपवून घ्यायला सांगा, आणि हात तुम्ही धरा.

जुना तालीमवाला:

लॅब दादरच्या बाजूला असेल तर मी साडेसातला फाइव्ह गार्डनच्या कोपऱ्यावर थांबतो. चालतच जाऊ.